न लागणारं सुतक

“मॅडम, मी तिला आयुष्यात कधी भेटले नाही. मग मला एवढं का लागलं?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की समोरचं माणूस “मी तिला” म्हणालं की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी गेली, त्यानंतरच्या पंधरवड्यात पंचेचाळिशीच्या आसपासच्या तीन बायका हाच प्रश्न घेऊन आल्या. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा टाळेबंदी होती, म्हणून कॉलेजातली मुलं फोनवरून विचारत होती. लतादीदी गेल्या तेव्हा तर एका निवृत्त बँक मॅनेजरांनी मला बजावलं, “आईच्या वेळीसुद्धा मी ऑफिसला गेलो होतो हो, आणि आता दोन दिवस जेवण जात नाही.” यातलं कुणीही दुःख घालवून द्या म्हणत नाही. “माझं डोकं ठिकाणावर आहे ना?” एवढंच त्यांना विचारायचं असतं.

याचं उत्तर मी एका गृहस्थांकडून शिकले. त्यांना आपण नाना म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, माणूस आता हयात नाही.

त्याआधी थोडं आपल्या सुतकाबद्दल. कुणाच्या मरणाचं किती दुःख करायचं याचं कोष्टक आपल्याकडे फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. भाऊबंदांचं दहा दिवस, काही नात्यांचं तीन, लांबच्यांचं नुसतं अंघोळीवर. निर्विकार माणसाला आपण “त्याला कशाचं सोयरसुतक नाही” म्हणतो. म्हणजे भाषेतसुद्धा हळहळ आणि नातं एका दाव्याला बांधलेली. मग ज्यांचं सुतकच लागत नाही, अशांसाठी रडू आलं तर ते ठेवायचं कुठे? आणि गेलेली बाई एके काळी भिंतीवर टाचण्याच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असेल तर? तर ते माळ्यावरच्या ट्रंकेत, सगळ्यात खाली.

जानेवारी २००९. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत नानांना त्यांचा मुलगा घेऊन आला. नाना शहात्तर वर्षांचे, पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला चष्म्याची डबी. मुलगा फोर्टात नोकरीला. बोलायला त्यानेच सुरुवात केली.

“बाबांना जरा समजवा. महिना झाला, जेवणावर लक्ष नाही, मध्येच डोळे पुसतात. आणि कशासाठी? बेगम पारासाठी!”

खरं सांगते, मला नाव ऐकून माहीत होतं, चेहरा आठवत नव्हता. मुलाच्या ते लक्षात आलं आणि त्याला जोर चढला. “बघा, तुम्हालाही माहीत नाही. चाळीसच्या दशकातली नटी. नऊ डिसेंबरला वारली, पेपरात एवढीशी बातमी. त्याच्या पंधरा दिवस आधी शहरात काय झालं होतं? मी त्या रात्री सीएसटीवरून नेहमीच्या आधीची गाडी पकडली म्हणून तुमच्यासमोर बसलोय. दीडशेच्या वर माणसं मेली. तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. आई गेली २००४ मध्ये, तेव्हाही नाही. आणि या बाईसाठी!”

नाना खाली बघत होते. मुलाला मी बाहेर बसायला सांगितलं. तो गेल्यावर नाना म्हणाले, “तो म्हणतो ते खरंच आहे. मला लाजच वाटली पाहिजे.”

माझ्यासारखंच ज्यांना बेगम पारा नीट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्म झेलमचा, १९२६ चा. वडील बिकानेर संस्थानात न्यायाधीश होते, त्यामुळे वाढली तिथे. भावाने अभिनेत्री प्रतिमा दासगुप्ताशी लग्न केलं, त्या निमित्ताने ही मुंबईला यायला लागली आणि सिनेमात शिरली. पहिला चित्रपट ‘चाँद’, १९४४, पुण्याच्या प्रभातचा. पुढे राज कपूर आणि मधुबालाच्या ‘नीलकमल’मध्येही ती होती. पण तिचं नाव झालं ते भूमिकांपेक्षा छायाचित्रांमुळे. १९५१ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकासाठी जेम्स बर्क या छायाचित्रकाराने तिचे फोटो काढले. पांढऱ्या साडीतली, मान किंचित तिरकी, कॅमेऱ्याला जराही न बिचकणारी बाई. कोरियाच्या युद्धातले अमेरिकी सैनिक तिचे फोटो जवळ बाळगायचे, असं तिच्याबद्दल नेहमी लिहिलं जातं. तिने दिलीपकुमारांचे भाऊ नासिर खान यांच्याशी लग्न केलं, सिनेमा सोडला. १९७४ मध्ये नवरा गेला. आणि सिनेमा सोडल्यावर पन्नासएक वर्षांनी, २००७ च्या दिवाळीत ‘सावरिया’मध्ये ती नायिकेची आजी होऊन पुन्हा पडद्यावर दिसली. पुढच्या वर्षी गेली.

नानांनी तो चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला होता, नातवाला सोबत घेऊन. “गोष्ट कळली नाही मला फारशी,” म्हणाले. “पण ती बसली होती ना, ती बसण्याची ढब तीच. केस पांढरे, मान तीच.”

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. समुपदेशकाला स्वतःच्या हुशारीचा मोह होतो, विशेषतः पहिल्या दहा वर्षांत. माझ्या डोक्यात चित्र पक्कं तयार होतं: बायको गेली तेव्हा हा माणूस रडला नाही, ते रडू चार वर्षं आत साठलं, आता त्याला वाट मिळाली. पुस्तकात शोभेल असं. मी अगदी हळुवार आवाज काढून विचारलं, “नाना, तुम्हाला असं नाही का वाटत, की हे रडणं खरं म्हणजे तुमच्या पत्नीसाठी आहे?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, सून म्हणते म्हाताऱ्याला चळ लागलाय. तुम्ही म्हणता मी बायकोसाठी रडतोय. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून चांगल्या शब्दांत म्हणता, एवढंच. पण बेगम पारासाठी रडलेलं तुम्हा दोघींनाही चालत नाही.”

मी गप्प झाले.

“बायकोसाठी मी रडलो,” ते पुढे म्हणाले. “रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी. मुलाला दिसलं नाही, कारण तो झोपलेला असायचा. आणि ती बेगमला ओळखत होती बरं का. ‘तुमची बेगम’ म्हणायची. ट्रंक आवरताना ते चित्र तीच नव्या कागदात गुंडाळून ठेवायची.”

त्या रात्री घरी जाताना मला एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. २४ जुलै २००७ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस गेले. ज्यांच्या विचारांवर माझं सगळं काम उभं आहे, ते. कि. मो. फडके यांच्यामुळे हे विचार मराठीत आले आणि माझ्यासारखीपर्यंत पोहोचले. एलिसना मी कधी भेटले नव्हते. त्र्याण्णव वर्षांचे होते, म्हणजे अवेळी गेले असंही नाही. तरी बातमी वाचून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले होते. सासूबाई आल्या तेव्हा “कांदा” म्हणाले होते. ओट्यावर भोपळा होता.

म्हणजे मलाही दुःखाची अडचण नव्हती. मला अडचण होती ती ते कुणाला दिसण्याची.

तिसऱ्या भेटीत मी एकच प्रश्न विचारला. आजही मला वाटतं, त्या वर्षभरात मी विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. “नाना, त्रास कशाचा जास्त होतो? रडू येण्याचा, की रडू यायला नको होतं असं वाटण्याचा?”

खाली भाजीवाला ओरडत होता. तो पुढच्या गल्लीत गेला, आवाज थांबला, तरी नाना बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुसऱ्याचा. रडू येतं आणि जातं. मग दिवसभर मी स्वतःला शिव्या देतो.”

“काय म्हणता स्वतःला?”

“या वयाच्या माणसाने असं रडताच कामा नये. शहरात एवढं झालं, त्याचंच दुःख व्हायला हवं होतं. मुलापुढे तरी स्वतःला आवरायलाच पाहिजे होतं.”

मला एक सवय आहे. समोरच्याच्या बोलण्यात ‘च’ आला की मी कागदावर ठिपका देते. मराठीतला हा एका अक्षराचा ‘च’ माणसाला फार महागात पडतो. “असं व्हायला नको होतं” ही इच्छा झाली, ती अपुरी राहिली तर वाईट वाटतं. “असं होताच कामा नये” हा हुकूम झाला, तो मोडला की माणूस गुन्हेगार होतो. दुःख आणि स्वतःचा छळ यांच्यात अनेकदा या एका अक्षराचंच अंतर असतं.

नानांची नजर त्या कागदावर गेली. “ठिपके कसले?”

“तुमच्या ‘च’चे.”

“किती झाले?”

“आजचे सतरा.”

ते हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले असावेत, कारण दाराच्या फटीतून मुलाने आत पाहिलं. “म्हणजे प्रूफं तपासताय तुम्ही! मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली आहेत. द्या इकडे.”

मी कागद दिला. त्यांनी माझंच पेन घेऊन मी लिहिलेलं त्यांचं पहिलं वाक्य वाचलं. ‘रडताच’मधला ‘च’ खोडला. तरी वाक्य जमेना. मग पूर्ण वाक्यावर रेघ मारून खाली प्रूफ वाचणाऱ्याच्या बारीक अक्षरात लिहिलं: ‘रडलो नसतो तर चारचौघांत बरं दिसलं असतं. पण रडलो.’ लिहून कागद हातभर लांब धरून पाहिला, म्हणाले, “हे सहन होतं.”

मी त्यांचं दुःख एक गुंजभरही कमी केलं नव्हतं. ते माझं काम नव्हतंच. लागलेल्या माणसाला लागतं, ते निरोगी आहे. त्यावर बसलेली लाज काढणं, एवढं माझं काम. लाज निघाली तेव्हा नाना पहिल्यांदा बेगम पाराबद्दल बोलले.

१९५१ साली ते एकोणीस वर्षांचे होते. रत्नागिरीहून येऊन गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदवारी करत होते. कॅलेंडरची कामं यायची. फोटोच्या मोठ्या प्रिंटवर बारीक ब्रशने रंग भरायचे, मग त्याच्या निगेटिव्ह काढायच्या. एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरसाठी बेगम पाराचा फोटो आला. खांदा उघडा. व्यापारी म्हणाला, हे दुकानात लावायचं आहे, बाई झाका. मालकाने काम दिलं सगळ्यात नव्या पोराला.

“तीन रात्री,” नाना म्हणाले. “तीन रात्री मी तिच्या दंडावर बाही रंगवत होतो. खोटी बाही. सावली कुठून येते, कापड कसं पडेल, सगळं डोक्याने. मालकाला सांधा सापडला नाही. म्हणाला, पोरगा हाताचा आहे. त्या महिन्यापासून पगार लागला.”

मी विचारलं, कारण विचारणं भाग होतं. हा विषय टाळला की लाज पुन्हा मागच्या दाराने आत येते. “आकर्षण होतं?”

“होतं. एकोणीस वर्षांचा होतो, दगड नव्हतो.” मग थांबून, “पण बाई, ती फोटोत लाजलेली नव्हती. आणि मी तिला झाकली. ते मला नंतर लागलं. ती गेल्याचं वाचलं तेव्हा पहिलं हेच मनात आलं की आता माफी मागायची राहिली. वेडेपणा आहे.”

“वेडेपणा आहे की नाही हे ठरवायची इतकी घाई आहे का?” मी म्हटलं.

असे कितीतरी लोक ऐकल्यावर मला जे उमगलं ते लिहिते. ज्यांना आपण भेटलो नाही त्यांच्याशी आपलं नातं खोटं नसतं, एकतर्फी असतं. त्यांच्या बाजूला काही नसतं, पण आपल्या बाजूला पहिली नोकरी, चाळीतला रेडिओ, भावाशी झालेलं भांडण, सगळं त्या चेहऱ्याला चिकटून बसलेलं असतं. त्यातही फोटोतल्या बाईची गोष्ट वेगळी. ती म्हातारी होत नाही. आपण होतो. मग एक दिवस बातमी येते, एक्याऐंशीव्या वर्षी निधन, आणि एकाच सकाळी आपलं अर्धं शतक उलटून जातं. कोणाला नाही लागणार?

योगायोग असा की त्याच आठवड्यात, ११ डिसेंबर २००८ ला, लॉस एंजेलिसमध्ये बेटी पेज गेली. पन्नासच्या दशकातली अमेरिकेची सगळ्यात गाजलेली पिनअप, म्हणजे भिंतीवर टाचायच्या फोटोंतली बाई. वय पंच्याऐंशी. आपण पूर्वी होतो तसंच लोकांनी आपल्याला लक्षात ठेवावं म्हणून म्हातारपणी तिने फोटो देणं टाळलं. आपल्या बेगमने उलट केलं, पांढरे केस घेऊन कॅमेऱ्यापुढे येऊन बसली. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमची धीट.” ‘आमची’ हा शब्द त्यांनी न अडखळता म्हटला, हे मी टिपून ठेवलं आहे.

एलिस यांचा एक आवडता उपाय होता: ज्याची लाज वाटते, ते निरुपद्रवी असेल तर मुद्दाम चारचौघांत करा आणि बघा आभाळ कोसळतं का. मी नानांना सांगितलं, तुमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बेगम पाराबद्दल बोला. थट्टेवारी न नेता, माफी न मागता, पाच मिनिटं. नाना म्हणाले, “त्यापेक्षा दात काढून घेईन.” पण गेले.

पुढच्या मंगळवारी आले ते खुर्चीत बसायच्या आधीच बोलत. “दोघं हसले. हसू दे. मग जोशी म्हणाले, नर्गिस गेली तेव्हा मी तीन दिवस रजा टाकली होती, घरी सांगितलं पोट बिघडलंय. एक जण म्हणाला, कुक्कू. तिचा नाच बघायला एकाच सिनेमाला सात वेळा गेलेला. नादिराचं नाव निघालं. एक तास, बाई! सत्तरीच्या पुढचे सात म्हातारे, आणि प्रत्येकाच्या ट्रंकेत कुणीतरी.”

घरच्यांनी काय करावं, हेही मला सतत विचारलं जातं. हसू नका, हे पहिलं. “त्यापेक्षा अमक्याचं दुःख कर” असं तर बोलूच नका (माझाही एक ‘च’, असू दे). दुःखाची रेशनिंगची लाइन नसते, की एकाला दिलं तर दुसऱ्याचं संपलं. आणि माझ्यासारखा अर्थही लावत बसू नका, की हे खरं म्हणजे तमक्यासाठी आहे. असेलही. तो अर्थ त्या माणसाला सापडू द्या. त्यापेक्षा विचारा, तिचं पहिलं काय पाहिलंस, कुठे, सोबत कोण होतं. उत्तर लांबेल, चहा टाका.

काळजी कधी करायची? रडण्याची नको. झोप-जेवण कित्येक आठवडे बिघडलेलं राहिलं, माणूस घराबाहेर पडेनासा झाला, काम सुटलं, किंवा “आता मी तरी राहून काय करू” असं बोलू लागला तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. गेलेल्या कलाकाराने आत्महत्या केली असेल तर चाहत्यांतल्या तरुणांवर विशेष लक्ष ठेवा. तसे विचार मनात येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहिला मुलगा. पाचव्या भेटीला मी दोघांना एकत्र बसवलं. मुलाचा राग बेगम पारावर नव्हता, हे एव्हाना मला कळलं होतं. थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर तो बोलला, “माझ्यासाठी नाही रडलात तुम्ही. त्या रात्री मी अकराला घरी आलो. तुम्ही दार उघडलंत, म्हणालात, हातपाय धू, जेवून घे. बस.”

नानांना खरोखर नवल वाटलं. ते मुलाकडे बघतच राहिले.

“अरे, तू आलास ना,” ते म्हणाले. “आलेल्या माणसासाठी कोण रडतं?”

यात माझं कर्तृत्व शून्य. माझ्याकडे एक चांगलं वाक्य तयार होतं, ते मी गिळलं, आणि ते गिळल्याचा मला अजून अभिमान आहे. मुलगा उठून खिडकीशी गेला. बराच वेळ तिथेच उभा होता. सगळं मिटलं असं म्हणणार नाही. जाताना त्यांनी रिक्षा एकच केली, आधीच्या भेटींना मुलगा परस्पर स्टेशनवर जायचा.

शेवटच्या भेटीला नाना एकटे आले. पिशवीतून पुठ्ठ्यांमध्ये धरलेला एक कागद काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, वरच्या बाजूला कॅलेंडरच्या पत्र्याच्या पट्टीचा गंज. खाली व्यापाऱ्याचं नाव होतं, ते अर्धं फाटलं होतं. बेगम पारा, मान किंचित तिरकी, अंगात निळ्या बाहीचं पोलकं.

“बघा बरं,” त्यांनी चष्मा माझ्यापुढे धरला. “सांधा दिसतो का?”

मी उजेडाला धरून पाहिलं. खांद्याजवळ पाहिलं, कोपराजवळ पाहिलं. नाही दिसला. तसं सांगितलं.

“मला दिसतो,” नाना म्हणाले, आणि त्यांनी कागद पुन्हा पुठ्ठ्यांमध्ये ठेवला.